ताणावरचा शब्द

थोडं शांत बसू या. हातातलं पुस्तक अजून मिटलेलंच राहू द्या.

मनानं आपल्या विदर्भातल्या काटोलच्या एखाद्या संत्र्याच्या बगीच्यात जा. डिसेंबर सरत आला आहे. पानं मलूल दिसताहेत. शेतकऱ्यानं झाडांचं पाणी जाणूनबुजून तोडलं आहे. बगीचा ताणावर सोडला आहे. जानेवारीत तो पुन्हा पाणी देईल आणि याच तहानलेल्या फांद्या पांढऱ्या फुलांनी भरतील. तो आंबिया बहार. पाणी सारखं मिळत राहिलं असतं, तर झाड नुसतं पाल्यावर गेलं असतं.

सावकाश श्वास घ्या. ते झाड डोळ्यांपुढे राहू द्या.

आता पुस्तक उघडा. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’. शेजारी तुमचं मूल बसलं आहे. गोष्ट दूरच्या कोकणातली. लहानग्या श्यामची अंघोळ झाली आहे. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून तो आईला ओचे धोंड्यावर पसरायला सांगतो.

मूल थबकतं. ओचे? घरात हा शब्द कोणी बोलत नाही.

तुमच्या ओठांवर अर्थ आला असेल. तो तिथंच थांबवा. मुलाबरोबर नुसतं पाहा. ओले तळवे. धोंडा. आई काहीतरी पसरते. ते तिच्या अंगावरचंच आहे. ते भिजणार, तरी ती पसरते. श्याम त्यावर पाय ठेवतो.

अजून थोडं थांबा. मुलाच्या डोळ्यांत काही हलतंय का, बघा.

हळूहळू त्याला उमगतं : आईच्या लुगड्याचा पुढचा घोळ. शब्दकोशात त्याला कापड सापडलं असतं. इथं ते कापड पसरणारी आईही सापडली. आता हा शब्द पाठ करावा लागणार नाही.

पण एक गोष्ट शेतकऱ्याकडून शिकून घेऊ. हलक्या जमिनीतल्या झाडाला थोडा ताण पुरतो, भारी काळ्या जमिनीतल्या झाडाला जास्त दिवस लागतात. ताण हाताबाहेर गेला, तर झाड पानं गाळतं. मुलांचंही तसंच आहे. एखादं चार ओळी पुढे जाऊन अर्थ धरतं, एखाद्याचं चित्त उडू लागतं. अशा वेळी अडवून धरू नका. प्रेमानं अर्थ सांगा, पाणी सोडा.

आता नजर उलटी फिरवा. कोकणातल्या एखाद्या मुलानं काटोलची गोष्ट वाचायला घेतली आहे. ‘बाबा वावरात गेले’ या ओळीशी ते अडतं. त्याच्याकडे वावर म्हणजे माणसाचं असणं-फिरणं. आपल्याकडे वावर म्हणजे शेत. तेही बंडी, बैल, पऱ्हाटी पाहत पाहत अर्थापर्यंत येईल. आपल्या मुलाच्या तोंडचा शब्दही कुणासाठी असा नवा असतो, हे त्याला आवर्जून सांगा. त्याला आपल्या बोलीची लाज वाटणार नाही.

डोळे मिटा. आज दिवसभरात ऐकलेला एखादा अनोळखी शब्द आठवा. तो तसाच मनात राहू द्या.

आज रात्री मुलाजवळ बसून एक पान वाचा. नवा शब्द आला, की अर्थ सांगण्याआधी पुढच्या चार ओळी वाचून होईपर्यंत थांबा.