एकत्र बसणे आणि एकत्र काम करणे

एप्रिल २०२०मध्ये, कोविडच्या महामारीत, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने जाहीर केले होते की, २०२५ उजाडेपर्यंत कंपनीच्या फक्त पंचवीस टक्के लोकांना एका वेळी कचेरीत यावे लागेल. बाकीच्यांनी कुठूनही काम करावे. कचेरी नावाची गोष्ट आता इतिहासजमा होणार, अशी चर्चा तेव्हा घरोघरी सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ आला आणि त्याच कंपनीने सगळ्यांना आठवड्याचे पाचही दिवस हजर राहायला सांगितले. पुण्या-मुंबईच्या घरभाड्याला रामराम ठोकून गावी आलेली वऱ्हाडातली कितीतरी पोरे पुन्हा ट्रॅव्हल्सच्या गाडीत बसली.

परत बोलावण्यासाठी बहुतेक कंपन्यांनी कारण दिले ते एकत्र कामाचे. कोड घरी लिहिता येतो, हिशेब घरी करता येतो, पण चार डोकी एकत्र आल्याशिवाय नवे काही सुचत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो खोटा नाही. मग त्याला साजेशा कचेऱ्या उभ्या राहू लागल्या. केबिनी गेल्या, लांबलचक टेबले आली, कोपऱ्यात सोफे आणि कॉफीचे यंत्र आले. नेमून दिलेली खुर्चीही गेली. सकाळी मोबाइलवर जागा आरक्षित करायची, संध्याकाळी आपले बोचके उचलून ती मोकळी करायची. भिंत पाडली की माणसे आपोआप एकमेकांशी बोलू लागतील, या विश्वासावर हा सगळा खर्च चालला आहे. मला तो विश्वासच तपासून पाहावासा वाटतो.

मोकळ्या कचेरीची कल्पना महामारीने जन्माला घातलेली नाही. अमेरिकेत बफेलो शहरात फ्रँक लॉइड राइट यांनी लार्किन कंपनीसाठी १९०६मध्ये बांधलेल्या इमारतीत कारकून एका प्रचंड सभागृहात ओळीने बसत. तिथे हेतू देखरेखीचा होता. पुढे १९५०च्या दशकात जर्मनीत श्नेले बंधूंनी टेबलांच्या सरळ ओळी मोडल्या आणि कामाच्या ओघाप्रमाणे माणसे बसवायला सुरुवात केली. १९६०च्या दशकात रॉबर्ट प्रॉप्स्ट यांनी हर्मन मिलर कंपनीसाठी हलवता येणारे, ज्याला त्याला हवे तसे मांडता येणारे फर्निचर तयार केले. माणसाला मोकळीक मिळावी, ही त्यांची इच्छा. कंपन्यांनी त्यातले स्वस्तातले आडोसे तेवढे उचलले आणि कमी जागेत जास्त माणसे कोंबली. आपल्याकडच्या कॉल सेंटरांनी हेच खुराडे आयते घेतले.

२०१८मध्ये हार्वर्डच्या एथन बर्नस्टीन आणि स्टीफन टर्बन यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन मोठ्या कंपन्यांनी भिंती काढून मोकळी कचेरी केली, तेव्हा कर्मचाऱ्यांच्या गळ्यात संवेदक अडकवून कोण कोणाशी किती बोलतो याची आधी आणि नंतर नोंद घेतली गेली. समोरासमोरचे बोलणे सुमारे सत्तर टक्क्यांनी घटले आणि ईमेल व चॅट वाढले. याचे कारण समजायला हार्वर्डला जायला नको. चारचौघांत बसलेल्या माणसाला आपण काय बोलतो ते सगळ्यांना ऐकू जाते, याची सतत जाणीव असते. मग तो कानात हेडफोन घालतो आणि शेजारच्यालाही संदेश टाइप करतो. प्लायवूडची भिंत गेली की माणूस स्वतःभोवती दुसरी उभी करतो.

सरकारी कचेरीचा अनुभवही असाच आहे. २१ जून २०१२च्या आगीत मंत्रालयाचे वरचे मजले जळाले. नंतर नूतनीकरण झाले, कपाटांच्या बोळांऐवजी कमी उंचीच्या आडोशांची आधुनिक दालने आली. जागेचे रूप पालटले, हे कौतुकाचेच. पण टिप्पणीचा प्रवास तोच राहिला. कक्ष अधिकारी, अवर सचिव, उपसचिव, सचिव. हे सगळे एका दालनात बसले तरी फाइल पायरी चुकवत नाही, आणि ई-ऑफिस आल्यावर ती त्याच पायऱ्या पडद्यावर चढते. निर्णय कोणी घ्यायचा याची रीत बदलल्याशिवाय टेबलाची जागा बदलून फारसे साधत नाही.

एकच जागा अनेकांनी वापरायची म्हणजे काय, याचा अभ्यास करायचा तर वाशिम जिल्ह्यात मालेगाव तालुक्यातल्या शिरपूर जैनला जावे. इथे श्री अंतरिक्ष पार्श्वनाथाचे मंदिर आहे. काळी, अर्धपद्मासनातली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा. श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही पंथांना ती सारखीच पूज्य. दोघांची पूजापद्धती वेगळी, म्हणून १९०५मध्ये दोन्ही बाजूंनी एकत्र बसून पूजेच्या वेळांचे पत्रक ठरवले. अमुक तास तुमचे, अमुक आमचे. जागा एक, वेळ वाटून घेतलेली. आजच्या भाषेत याहून नेटके नियोजन कोणते?

तरीही भांडण लागले. मूर्तीला वेळोवेळी लेप द्यावा लागतो, आणि त्या लेपात कटिसूत्र व कच्छोटा दिसावा की नाही यावर मतभेद झाला. १९१०मध्ये प्रकरण न्यायालयात गेले, अकोला आणि नागपूर करत १९२९मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचले. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे आणि १९०५च्या पत्रकानुसार दिगंबरांना पूजेचा हक्क, असा निवाडा कायम झाला. वाद मात्र मिटला नाही. १९८१पासून मंदिराला कुलूप लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०२३च्या आदेशानंतर मार्चमध्ये, म्हणजे जवळजवळ बेचाळीस वर्षांनी, दार उघडले.

पूजा आणि नोकरी एका तागडीत तोलायची नाहीत. कोण बरोबर, कोण चूक, हे सांगणे माझे काम नव्हे, ते न्यायालयाचे. माझे लक्ष आहे ते १९०५च्या पत्रकाकडे. त्याने प्रहर वाटून दिले. पण प्रहर संपल्यावरही जे मागे उरते, दोघांचेही असते आणि वाटता येत नाही, त्याचे काय करायचे, हा प्रश्न शिल्लक राहिला. सगळा तंटा त्या उरलेल्या प्रश्नावर उभा राहिला. वेळापत्रक तास वाटते. सामायिक वस्तू कोणत्या अवस्थेत पुढच्याच्या हाती द्यायची, ती बदलायची तर कोणाला विचारून, आणि मतभेद झाला तर कोर्टाची पायरी चढण्याआधी कोणापुढे बसायचे, हे वेगळे लिहून ठेवावे लागते.

नव्या कचेऱ्यांत नेमके हेच लिहिलेले नसते. जागा आरक्षित करायचे ॲप असते. पण फळ्यावरचे लिखाण कोणी पुसायचे, मोठ्याने फोनवर कुठे बोलायचे, ज्या दिवशी निम्मे लोक घरून जोडलेले आहेत त्या दिवशी बैठकीत त्यांचे म्हणणे कोण विचारणार, खोलीत ठरलेला निर्णय गैरहजरांपर्यंत कोण पोचवणार, यावर कोणी सही केलेली नसते. मग कुरबुरी होतात आणि त्यांचा दोष वास्तुरचनाकाराच्या माथी मारला जातो.

याउलट, कोणत्याही वास्तुरचनाकाराला न बोलावता उभी राहिलेली, पण व्यवस्थित चालणारी एक सामायिक जागा वऱ्हाडातल्या तालुक्यांच्या गावी सर्रास दिसते. ती म्हणजे अभ्यासिका. २०२३च्या तलाठी भरतीला साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांहून अधिक. या पोरापोरींना घरी बसायला जागा नाही. एका खोलीत सोयाबीनची पोती, दुसरीत टीव्ही. मग दुकानांच्या वरच्या मजल्यावर महिन्याच्या फीवर खुर्ची घ्यायची. तीन बाजूंनी प्लायवूडचा आडोसा, एक प्लग, एक छोटा दिवा, समोर चिकटवलेला नकाशा आणि स्वतःच लिहिलेले वेळापत्रक. चपला बाहेर, मोबाइल सायलेंट, आत कुजबुजसुद्धा नाही. आणि चर्चा? ती जिन्यात आणि खाली चहाच्या कॅन्टीनवर. चालू घडामोडींवरून तिथे रोज वाद रंगतो, नोट्सची देवाणघेवाण होते, गणिताची युक्ती एक जण चौघांना शिकवतो. आत शांतता असल्यामुळेच बाहेरच्या बोलण्याला धार येते. कोट्यवधी खर्चून सजवलेल्या कचेऱ्यांत बोलायला भरपूर जागा असते, गप्प बसायला नसते. एकत्र कामाला दोन्ही लागतात, कारण दुसऱ्यापुढे मांडावे असे काही आधी एकट्याने तयार करावे लागते.

महामारीने शिकवलेला आणखी एक धडा तर आपण विसरूनही गेलो. तो हवेचा. कोविडचा विषाणू हवेतून पसरतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने पुढे स्पष्टपणे मान्य केले. त्यानंतर बंद काचांची, वातानुकूलित दालने बांधणे आधी थांबायला हवे होते. पुण्यात हडपसरला क्रिस्टोफर बेनिंजर यांनी सुझलॉनसाठी रचलेले ‘वन अर्थ’ महामारीच्या दशकभर आधीचे. बुटक्या इमारती, मध्ये चौक, पाणी, उजेड. वाड्यांच्या चौकांनी हे काम पिढ्यान्‌पिढ्या केले होते. आमच्याकडे वऱ्हाडात मेच्या उन्हात पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा कचेरीत लोखंडी कूलर घरघरत असतो. त्याच्यासमोर बसलेल्यांना एकमेकांचे ऐकू येत नाही आणि खिडक्या कपाटांनी बुजलेल्या असतात. राज्य सरकारने २०२५च्या सुरुवातीला शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम राबवला, त्यात कार्यालयांची स्वच्छता आणि सोयीसुविधा होत्या. अनेक ठिकाणी जुने भंगार आणि नोंदींचे ढीग हलले. तेवढ्यानेही खिडक्या उघडल्या, ही सुधारणा मी लहान मानत नाही.

पण गावासाठी एकत्र कामाचा खरा प्रश्न आयटी पार्कात नाही. तो अतिवृष्टीनंतर शेताच्या बांधावर उभा असतो. महसूल मंडळात चोवीस तासांत पासष्ट मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, सोयाबीन पाण्यात गेले, की संयुक्त पंचनामा होतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक, या तिघांनी मिळून तो करायचा. महसूल, ग्रामविकास आणि कृषी ही तीन खाती एका कागदावर येतात. याहून शुद्ध एकत्र काम कोणत्या कंपनीत होते? आणि या तिघांना बसायला एक टेबल नाही. एकाचा साजा वेगळा, दुसऱ्याकडे दोन-तीन ग्रामपंचायती, तिसरा तालुक्याला बैठकीला गेलेला. शेतकरी मोटारसायकल घेऊन तिघांना शोधत फिरतो. अलीकडे या तिघांची पदनामे बदलली, त्यांत ‘अधिकारी’ हा शब्द आला. टेबलाचा विषय तसाच राहिला.

शिरपूरसारख्या मोठ्या गावात ग्रामपंचायतीची एक खोली यासाठी पुरे आहे. आठवडी बाजाराच्या दिवशी तिघांनी एका टेबलाशी ठरलेल्या वेळेत बसावे. वेळापत्रक दारावर रंगवून लिहावे. कोणी आले नाही तर त्याच्या जागी कोण, तेही लिहावे. आलेल्या माणसाला बसायला बाक, प्यायला पाणी, आणि खिडकी उघडी. अपूर्ण राहिलेल्या अर्जांची एक सामायिक वही टेबलावरच राहावी, म्हणजे पुढच्या आठवड्यात येणाऱ्याला पहिल्यापासून गोष्ट सांगावी लागणार नाही. याला ना अंदाजपत्रक लागते ना सल्लागार. तिन्ही खात्यांच्या तालुका अधिकाऱ्यांची एक लेखी सहमती लागते, आणि अडते ते तिथेच.

म्हणून कचेरी नव्याने मांडायला निघालेल्या प्रत्येकाला, मग तो हिंजवडीतला व्यवस्थापक असो की ग्रामपंचायतीचा सरपंच, माझे सांगणे एवढेच की सुताराला बोलावण्याआधी चार माणसांना बोलवा. कोण केव्हा येणार, काय मागे ठेवणार, मतभेद झाला तर कोणाचा शब्द मानायचा, हे कागदावर उतरवा आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. भिंत ठेवायची की पाडायची, हे त्यानंतर ठरवा.