सभेला न आलेला पालक

शाळा सुधारावयाची म्हणजे ती कोणी, कोणाच्या संमतीने आणि कोणासाठी सुधारावयाची, हा प्रश्न आपल्याकडे फारसा विचारला जात नाही. छप्पर गळू लागले की गावकऱ्यांनी लोकवर्गणी जमवावी, स्नेहसंमेलनास पालकांनी हजर राहावे, आणि वेळापत्रकापासून गृहपाठापर्यंतचा बाकीचा सारा कारभार हेडमास्तर व खाते यांच्यावर सोपवून निश्चिंत व्हावे, अशी आपली जुनी वहिवाट आहे. जर्मनीतील प्राथमिक शाळेची व्यवस्था या वहिवाटीहून मुळातच निराळी असल्यामुळे ती अभ्यसनीय आहे. पण तिच्या गुणांइतकेच तिच्यातले एक वैगुण्यही मला विचारणीय वाटते.

त्या देशाच्या 1949 च्या घटनेने सहाव्या अनुच्छेदात अपत्यांचे संगोपन हा आईबापांचा नैसर्गिक हक्क आणि त्यांचे आद्य कर्तव्य मानले, आणि लगेच सातव्या अनुच्छेदात समस्त शालेय व्यवस्था राज्याच्या देखरेखीखाली ठेवली. या दोन अधिकारांची शीव कोठे लागते, याचा निवाडा घटना-न्यायालयास 1972 साली हेसेन राज्यातील एका प्रकरणात करावा लागला, तेव्हा मुलाचे व्यक्तित्व घडविणे हे पालक आणि शाळा यांचे सामाईक कार्य असून ते परस्पर सहकार्यानेच पार पडावयाचे आहे, असा अभिप्राय त्याने दिला. शिक्षण हा घटकराज्यांचा विषय असल्याने या सहकार्याचे स्वरूप राज्यागणिक पालटते. नोर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्यात शाळेची जी सर्वोच्च सभा असते, जिला शूलकॉन्फरेंत्स म्हणतात, तिच्यात प्राथमिक शाळेपुरत्या शिक्षकांच्या आणि पालकांच्या जागा समसमान आहेत. अध्यक्षस्थानी मुख्याध्यापक असतो, परंतु एरवी त्यास मत नाही, दोन्ही बाजूंची मते सारखी पडली तरच त्याचे मत निर्णायक ठरते. शिक्षकांचा पगार राज्याच्या तिजोरीतून, तर इमारत, सामानसुमान व दुरुस्ती यांची जबाबदारी नगरपालिकेकडे, अशी वाटणी असल्यामुळे स्वच्छतागृहे नवी हवी असतील तर पालिकेच्या दारी खेटे घालावे लागतात. आणि डांबरी अंगण उखडून तेथे झाडे लावावयाची असतील, तर बहुधा पालकांची साहाय्यक संस्था, म्हणजे फ्योर्डरफेराइन, देणग्या गोळा करण्यास पुढे होते.

या रचनेत पालक हा पाहुणा नव्हे, दाताही नव्हे, तर उत्तरदायी सभासद आहे, हे मला तिचे मोठे श्रेय वाटते. आपल्या निर्णयाची कारणे शिक्षकाला समोर बसलेल्या माणसास पटवून द्यावी लागतात, आणि ज्याने स्वतः हात वर करून ठराव संमत केला, त्या पालकालाही मग फाटकाबाहेर कुरकुर करण्याची मुभा उरत नाही.

तथापि मतांची वाटणी कायद्याने करता येते, वक्तृत्वाची करता येत नाही. पालकसभा संध्याकाळी भरते आणि जर्मन भाषेत चालते. रात्रपाळीला निघालेला कामगार, दफ्तरे झाडून-पुसून पोट भरणारी आई, नुकतेच आश्रयास आलेले कुटुंब यांना एक तर येता येत नाही, किंवा आले तरी बोलता येत नाही. मग वकील, वैद्य आणि इंजिनिअर यांच्या अपेक्षा ह्याच साऱ्या पालकांच्या अपेक्षा ठरतात. यात कोणाचा दुष्ट हेतू असतो असे नव्हे. जो हजर आहे त्याचेच ऐकले जावे, हा सभेचा स्वभावच आहे.

हा दोष केवढे रूप घेऊ शकतो, हे हाम्बुर्ग शहर-राज्यात दिसून आले. सर्व थरांतील मुलांनी पहिली चार वर्षे एकाच शाळेत शिकावे, हा दंडक 1920 च्या कायद्याने घातला होता; दहाव्या वर्षीच मुलांची निवड करून त्यांचे मार्ग वेगळे करणे गरिबांच्या मुलांना मारक ठरते, या विचाराने हाम्बुर्गच्या सरकारने तेथील एकत्र शिक्षण सहा वर्षांचे करण्याचे योजिले, आणि विधिमंडळातील सर्व पक्षांनी अखेर त्यास पाठिंबा दिला. पण पालकांनी चालविलेल्या एका चळवळीने सार्वमत घडवून आणले आणि 18 जुलै 2010 रोजी योजना फेटाळली गेली: विरोधात सुमारे पावणेतीन लाख मते, बाजूने सुमारे दोन लाख अठरा हजार. विरोधकांची भीती मी तुच्छ मानीत नाही. चांगली चाललेली घडी आपल्या मुलांच्या जिवावर का मोडावी, हा पालकाचा प्रश्न रास्तच आहे. परंतु सुखवस्तू वस्त्यांत मतदान भरघोस झाले, गरीब वस्त्यांत ते रोडावले, आणि नागरिकत्व नसलेल्या आईबापांना तर मतच नव्हते. ज्या मुलांसाठी योजना आखली, त्यांचीच घरे निर्णयात सर्वांत कमी होती.

यावर उपाय नाही असे नाही. डोर्टमुंडच्या उत्तर भागातील क्लाइने कीलश्ट्रासे प्राथमिक शाळेत बहुसंख्य मुले स्थलांतरितांची. 2006 साली जर्मन शाळा-पुरस्काराचा पहिला मान तिला मिळाला. पालक सभेला येण्याची वाट पाहत न बसता, मुलाला सोडावयास आलेल्या आईने शाळेतच घटकाभर टेकावे, चहा-कॉफी घ्यावी आणि बोलावे, अशी सोय तिने केली. आज हा प्रश्न अधिकच निकडीचा आहे, कारण 2021 च्या कायद्यानुसार ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांना, आणि पुढे क्रमाने चारही इयत्तांना, दिवसभर सांभाळले जाण्याचा हक्क मिळावयाचा आहे. दुपारचे जेवण कोणते, मुले किती वाजेपर्यंत थांबतील, खोल्या कोठून काढावयाच्या, याचा विचार शाळाशाळांतून करावा लागणार. आणि या सोयीची गरज ज्यांना सर्वाधिक, त्यांनाच कामामुळे विचारविनिमयास येता येणार नाही.

येथे आपल्या कायद्याचे एक कलम मला अभिमानास्पद वाटते. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत एवढेच म्हटले नाही, तर वंचित व दुर्बल घटकांतील पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व आणि निम्म्या जागा स्त्रियांना दिल्या. शाळा विकास आराखडाही याच समितीने करावयाचा आणि अनुदानास तोच आधार. कागदावर तरी न बोलणाऱ्याची खुर्ची राखून ठेवलेली आहे. तिच्यावर बसलेल्या मजूर बाईची नुसती सही घेऊन तिला वाटेला लावावयाचे, की तिच्यासमोर जमाखर्च उलगडून ठेवावयाचा, हे मात्र कायद्याच्या हाती नाही.

म्यूनिक, श्टुटगार्ट, फ्रांकफुर्ट येथे आता पुष्कळ मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत. भाषा अपुरी म्हणून पालकसभेत मागल्या बाकावर गप्प बसणाऱ्यांत तीही आहेत. पण त्यांच्याजवळ शिक्षण आहे, प्रतिष्ठा आहे, आणि शेजारच्या सीरियन किंवा तुर्की आईजवळ नसलेला अवसरही पुष्कळदा आहे. सभेस दुभाषी हवा, सूचना सोप्या जर्मनमध्ये हव्यात, एखादी बैठक सकाळी हवी, या मागण्या त्यांनी स्वतःसाठी आणि तिच्यासाठीही मांडाव्यात. हाम्बुर्गच्या सार्वमतात परक्यांस मत नव्हते. वर्गाचा पालक-प्रतिनिधी निवडण्यास आणि स्वतः निवडून येण्यास मात्र जर्मन पारपत्र लागत नाही.