पारव्यासारखं घुमत

बंगळुरूच्या राजाजीनगरात सकाळी सहाच्या सुमाराला खिडकीच्या छज्ज्यावर पारवे येऊन बसतात. खाली क्रॉसवर नंदिनीच्या दुधाचे क्रेट उतरत असतात, कॉर्ड रोडची घरघर अजून वाढलेली नसते. ही वेळ धरून ठेवा. पवित्र शास्त्र मांडीवर घ्या, पण लगेच उघडू नका. आधी नुसते पारवे ऐका. घशातल्या घशात, एकच सूर, पुन्हा पुन्हा.

पहिल्या स्तोत्रात, परमेश्वराच्या नियमशास्त्राचं रात्रंदिवस मनन करणाऱ्या माणसाला धन्य म्हटलं आहे. मनन म्हटलं की आपल्याला डोळे मिटून गप्प बसलेला माणूस दिसतो. पण तिथला मूळ हिब्रू शब्द ‘हागा’ गप्प नाही. यशयाच्या ग्रंथात एकतिसाव्या अध्यायात शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो, तिथे हाच शब्द आहे. अडतिसाव्या अध्यायात हिज्कीया राजा दुखण्यातून उठल्यावर सांगतो की आपण पारव्यासारखे कण्हत होतो, तिथेही हाच. म्हणजे मनन ओठांनी करायचं, घशानं करायचं. वचन तोंडात घोळवायचं. नगरकडची माझी आजी ओळीखाली बोट ठेवून पुटपुटत वाचायची, तेव्हा लहानपणी मला वाटायचं की तिला नीट वाचता येत नाही. फार वर्षांनी कळलं की शास्त्राला जसं वाचन हवं होतं तसंच ती वाचत होती.

आता पुस्तक उघडा. प्रेषितांची कृत्ये, अध्याय आठवा, सव्विसाव्या वचनापासून अखेरपर्यंत. मोठ्यानं वाचा, निदान स्वतःच्या कानावर पडेल इतक्या आवाजात. घाई नको. अर्थ लागला नाही तरी थांबू नका.

वाचून झालं की पुस्तक तसंच उघडं राहू द्या.

रस्ता डोळ्यांसमोर आणा. यरुशलेमहून गज्जाकडे उतरणारा, ओसाड. त्यावर एक रथ आहे. रथात कूश देशाचा एक मोठा अधिकारी बसला आहे, कांदके राणीचा खजिनदार. कूश म्हणजे आजच्या सुदानातला नाईलकाठचा मुलूख. इतक्या लांबून तो यरुशलेमला उपासनेसाठी आला होता आणि आता परत निघाला आहे. मांडीवर यशयाची गुंडाळी आहे. येशूचा अनुयायी फिलिप्प धावत जवळ येतो आणि त्याला कळतं की हा काय वाचतो आहे. कसं कळतं? तो मोठ्यानं वाचत होता म्हणून. मनातल्या मनात वाचत असता तर फिलिप्प रथाच्या कडेनं चालत राहिला असता आणि दोघांचे रस्ते वेगळे झाले असते. इथे थोडं थांबा. न समजलेलंसुद्धा आवाजात वाचण्याला त्या ओसाड रस्त्यावर किती मोल आलं, ते मनात मुरू द्या.

फिलिप्प विचारतो, जे वाचतोस ते समजतं का. राणीचा सगळा खजिना सांभाळणारा हा माणूस सरळ सांगतो की कुणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार. त्याला लाज वाटत नाही. मला या माणसाविषयी फार माया वाटते. आपण इतकी वर्षं मंडळीत जातो, त्यामुळे न समजलेलं कबूल करणं आपल्याला जड जातं. आज एक करा. जी ओळ लहानपणापासून ऐकली आणि खरं तर कधीच कळली नाही, ती आठवा. तिच्यावर बोट ठेवा. देवासमोर नुसतं म्हणा, ही मला समजत नाही.

तो वाचत होता ते बहुधा ग्रीक भाषेत. कृत्ये लिहिणाऱ्या लूकनं त्या जागी दिलेले यशयाचे शब्द जुन्या ग्रीक भाषांतराशी जुळतात. म्हणजे देश परका, भाषाही बहुधा मायबोली नव्हे. राजाजीनगरात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाला हे ओळखीचं आहे. मंडळीत ‘सत्यवेद’ उघडला जातो, शेजारच्या तमिळ बाई त्याला ‘वेदागमम्’ म्हणतात, आणि आपण घरी येऊन ‘पवित्र शास्त्र’ हातात घेतो. कन्नड मला बाजारापुरती येते. उपदेशातलं निम्मं निसटतं. मग घरी तोच उतारा मराठीत वाचताना एखादा शब्द एकदम जवळ येऊन बसतो.

हा शब्द आपल्या जवळ कुणी आणून ठेवला, याची आठवण मननातच यायला हवी. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 मध्ये याच कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे घरच्यांना घेऊन तीर्थोतीर्थी फिरत आणि पुराणं सांगून पोट भरत. रमाबाईंनीही लहानपणापासून देवळांत बसून संस्कृत पुराणं मोठ्यानं वाचली. ऐकणाऱ्या बायाबापड्यांना त्यातलं कळत नसे, ऐकल्याचं पुण्य तेवढं पदरी पडे, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं. त्या आठवणीचं काय केलं त्यांनी? केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बसून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं बायबल साध्या मराठीत आणायला घेतलं, संस्कृतच्या एवढ्या पंडिता असून जड संस्कृत शब्द बाजूला ठेवत. आश्रमातली, नुकतीच अक्षरओळख झालेली बाई ते वाचू शकली पाहिजे, ही त्यांची कसोटी होती. छापखानाही तिथलाच, मुक्तीच्या बायकांचा. जुलै 1921 मध्ये एकुलती लेक मनोरमा गेली. तरीही मुद्रितं तपासणं चालू राहिलं. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या आणि पुरतं बायबल 1924 मध्ये बाहेर आलं. लेक गेल्यानंतरच्या त्या आठ-नऊ महिन्यांत त्यांच्या हाताखालून कोणती पानं गेली असतील, असं माझ्या मनात नेहमी येतं. एखाद्या साध्या क्रियापदापाशी मी थबकतो तेव्हा त्या हाताचा विचार करतो. तुम्हीही आज एका शब्दापाशी तसं थबका.

रथाकडे परत या. अधिकारी फिलिप्पाला वर येऊन शेजारी बसायला सांगतो. त्याला उलगडायचा असलेला उतारा म्हणजे यशयाचा त्रेपन्नावा अध्याय : कातरणाऱ्यांपुढे गप्प राहिलेलं मेंढरू. तो विचारतो, संदेष्टा हे स्वतःबद्दल बोलतोय की दुसऱ्या कुणाबद्दल? ख्रिस्ती विश्वासाला यापेक्षा सरळ प्रश्न क्वचितच कुणी विचारला असेल. फिलिप्प तिथून सुरुवात करून येशूविषयी सांगतो.

पण या माणसाला नेमका हाच उतारा का अडला असेल? लूक एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो, तो षंढ होता. अनुवाद या ग्रंथाच्या तेविसाव्या अध्यायाप्रमाणे अशा माणसाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नव्हता. एवढा प्रवास करून यरुशलेमला जाऊन तो कुठवर आत जाऊ शकला असेल? आणि परतताना तो वाचतो आहे तुच्छ लेखल्या गेलेल्या, मुकाट सोसणाऱ्या एकाविषयी. आता हे ऐका. त्याच गुंडाळीत पुढे, छपन्नाव्या अध्यायात, षंढांना आणि परदेशीयांना परमेश्वर आपल्या घरात जागा देतो, पुत्र आणि कन्यांपेक्षाही चांगलं नाव देतो. 1947 मध्ये मृत समुद्राजवळच्या गुहांत यशयाची जी पूर्ण गुंडाळी सापडली ती सात मीटरांहून लांब आहे. तशा गुंडाळीत त्रेपन्नापासून छपन्नापर्यंतचं अंतर फार तर हातभर. त्याचं नाव असलेलं वचन त्याच्याच मांडीवर गुंडाळलेलं होतं.

या हातभर अंतरापाशी शांत बसा. काही मागू नका.

पाणी दिसल्यावर तो विचारतो, बाप्तिस्म्याला आता काय अडचण आहे. आयुष्यभर आडकाठी सोसलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे. तो तशा आवाजात एकदा वाचून पाहा, म्हणजे घसा दाटून येईल. बाप्तिस्मा होतो आणि फिलिप्प दिसेनासा होतो. सोबत गेली, पण वाट पुष्कळ उरली आहे, आणि हा माणूस आनंदानं पुढे निघतो. गुंडाळी त्याच्यापाशीच आहे.

खाली रहदारी वाढली असेल. छज्ज्यावरचे पारवे कदाचित उडाले असतील. यशयाचा छपन्नावा अध्याय काढा, तिसऱ्या वचनापासून आठव्यापर्यंत. आणि घरात कुणी जागं झालं असेल तर त्यांना शेजारी बसायला बोलवा. त्यांच्या कानावर जाईल इतक्या आवाजात वाचायला लागा.