सोबतीला कोणीतरी हवं

सोलापूरच्या सेटलमेंटला एकेकाळी काटेरी तारेचं कुंपण होतं. इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेली कुटुंबं तिथं हजेरी देत जगली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो शिक्का कायद्याने पुसला.

पण आजही त्या शिक्क्यातून सुटलेल्या विमुक्त समाजातला मुलगा बारावी होतो आणि दाखल्यापाशी अडतो. जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्याचा आजा पालं ठोकत गावोगाव फिरला, त्याने तो आणायचा कुठून? अशा वेळी वस्तीतलीच शिकलेली एखादी ताई लागते. ती शाळेच्या जुन्या रजिस्टरात चुलत आज्याचं नाव शोधते, सेतू केंद्राच्या रांगेत सोबत उभी राहते, शिष्यवृत्तीची तारीख चुकू देत नाही.

सोबतीचं एक उदाहरण सोलापुरातच आहे: २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं. हातभट्टीवर नुसत्या धाडी घालून न थांबता अधिकाऱ्यांनी एकेक गाव, तांडा दत्तक घेतला. खाकी वर्दीला जे जमलं, ते आपल्याला का जमू नये? यंदा एका तरी मुलाचा अर्ज शेवटपर्यंत तडीस नेऊ या.