बरे व्हायचे, पण कोणत्या वाटेने?



रविवारची मिस्सा आटोपून आपण घराकडे निघतो तेव्हा अकलोलीच्या कुंडांकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असते. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाचे अर्धे अंग लुळे, कुणाला नुसतीच हौस. तानसेच्या काठी ऊन पाण्यात पाय सोडून बसलेली ती माणसे पाहिली की मला योहानाच्या शुभवर्तमानातले बेथेस्दाचे तळे आठवते. अडतीस वर्षे आजारी असलेला एक माणूस तिथे पाणी हलण्याची वाट पाहत पडून होता. प्रभू येशूने त्याला विचारले की, तुला बरे व्हायचे आहे का. अडतीस वर्षे खितपत पडलेल्याला हे काय विचारायचे! पण गंमत अशी की त्या माणसाने सरळ होही म्हटले नाही. पाण्यात उतरवायला आपल्याला कोणी नाही, हे गाऱ्हाणे त्याने सांगितले.

गेल्या महिन्यात चर्चच्या अंगणात असाच एक प्रश्न मला ऐकावा लागला. आपल्यातल्या एका काकांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा आजार आहे. कम्युनियनच्या रांगेत ते सर्वांत शेवटी उभे राहतात, आपल्यामुळे मागच्यांचा खोळंबा नको म्हणून. त्यांच्या मुलाने मोबाइलवर बातमी दाखवली होती की, मेंदूत नव्या पेशी सोडून हा आजार हटवण्याचे प्रयोग चालले आहेत. काका म्हणाले, "त्या पेशी म्हणे न जन्मलेल्या पोरांपासून काढतात. उद्या ते औषध मुंबईत आलं, तर मी घ्यावं का रे?" मी म्हटले, "काका, वाचून सांगतो." जे वाचले ते इथे मांडतो आहे, कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याचा राहणार नाही.

आपल्या मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. या पेशी डोपामिन नावाचे द्रव्य तयार करतात आणि त्याच्या जोरावर हातपाय मनाप्रमाणे हलतात. कंपवातात त्या पेशी हळूहळू मरतात. हात कापू लागेपर्यंत त्यांतल्या निम्म्याच्या आसपास किंवा जास्तच गेलेल्या असतात. लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन लिहिले म्हणून त्यांचे नाव त्याला लागले.

त्यावरचे औषध मात्र आपल्या रानातही उगवते. पावसाळा सरताना कुंपणावर, झुडपांवर चढलेली खाजकुयली कोणी पाहिली नाही? तिच्या शेंगांची लव बाकावर टाकून शाळेत मार खाल्लेले काहीजण हे पान वाचत असतीलच. तिच्या बियांत लेव्होडोपा असते आणि मेंदूत गेल्यावर त्याचे डोपामिन होते. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी ते बियांतून वेगळे काढले, तेव्हा त्याचा कंपवाताशी काही संबंध असेल हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. लेव्होडोपा रुग्णांना चांगले लागू पडते हे अमेरिकेत १९६७ च्या सुमारास दिसून आले. पुढे १९७८ मध्ये मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांच्या सहकाऱ्यांनी खाजकुयलीच्याच उपचाराचा अनुभव प्रसिद्ध केला. हे वाचून कोणी रानात जाऊन बिया कुटू नयेत. प्रत्येक बीत औषध सारखे नसते, आणि गोळ्या चालू असताना वरून चूर्ण घेतले तर मात्रा जास्त होऊन भलताच त्रास होतो.

गोळी मेलेल्या पेशी परत आणत नाही. काही वर्षांनी तिचा असर लवकर उतरू लागतो. मेंदूत तार बसवण्याची शस्त्रक्रिया मुंबईत होते, पण ती सर्वांना चालत नाही आणि खर्च लाखांत जातो. म्हणून नव्या पेशींची ही ओढ.

एप्रिल २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात दोन प्रयोग एकाच वेळी प्रसिद्ध झाले. अमेरिका-कॅनडातल्या पहिल्या प्रयोगात १२ रुग्ण होते, जपानमधल्या क्योतो विद्यापीठाच्या दुसऱ्यात ७. पेशींमुळे गंभीर अपाय दोन्हींत आढळला नाही आणि काही रुग्णांच्या हालचाली सुधारल्या. पण सारे मिळून एकोणीस जण, आपल्या चर्चचे तीन बाक भरतील एवढेच. त्यावरून 'आजार बरा झाला' असे म्हणता येणार नाही.

फरक आहे तो पेशी कुठून आल्या यात. पहिल्या प्रयोगातल्या पेशींचे मूळ मानवी भ्रूणात आहे. काकांना वाटले तशी ती गर्भपातातली बालके नव्हेत (तसेही प्रयोग युरोपात १९८० च्या दशकात झाले होते). हे भ्रूण प्रयोगशाळेत तयार झालेले, अवघ्या काही दिवसांचे. पेशी काढताना ते नष्ट होतात. जपानी प्रयोगातल्या पेशी मात्र निरोगी मोठ्या माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या होत्या. ही युक्ती क्योतोच्याच शिन्या यामानाका यांची. २००६ मध्ये त्यांनी ती उंदरांच्या पेशींवर साधली, २००७ मध्ये माणसाच्या, आणि २०१२ साली त्यांना नोबेल मिळाले. मित्राच्या दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली भ्रूण पाहताना त्यांच्या मनात आले होते की, हा आणि माझ्या मुली यांत फरक तो कितीसा. तिथून त्यांनी दुसरी वाट शोधायचे ठरवले.

पवित्र सभेची भूमिका स्पष्ट आहे. एकाचा जीव वाचवायला दुसऱ्या मानवी जीवाचा कच्चा माल करता येत नाही, मग तो जीव कितीही लहान असो. २००८ मधील व्हॅटिकनच्या 'दिग्नितास पर्सोने' या दस्तऐवजात आणखी पुढे जाऊन म्हटले आहे की, भ्रूण दुसऱ्याने नष्ट केले असले व पेशी बाजारात मिळत असल्या, तरी त्या वापरण्यात गंभीर नैतिक अडचण उरतेच. मला ही भूमिका पटते. पण धडधाकट हाताने ती लिहिणे सोपे आहे, हेही मला कळते. या नकाराची किंमत मी मोजत नाही, काका मोजतात.

म्हणूनच संत जॉन पॉल दुसरे यांची आठवण येते. १९८६ च्या फेब्रुवारीत शिवाजी पार्कवर ज्यांनी त्यांना पाहिले त्यांना त्यांची दमदार चाल आठवत असेल. २९ ऑगस्ट २००० रोजी रोममध्ये अवयवरोपण करणाऱ्या डॉक्टरांसमोर त्यांनी सांगितले की, भ्रूण नष्ट करून पेशी मिळवू नका, प्रौढ माणसाच्या पेशींची वाट धरा. तेव्हा यामानाकांचा शोध लागायला अजून सहा वर्षे होती. आणि हे सांगणाऱ्याचा स्वतःचा हात कापत होता. त्यांना पार्किन्सन्स असल्याचे व्हॅटिकनने २००३ साली उघडपणे मान्य केले. त्या आजारातून ते बरे झाले नाहीत. त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांनी, जून २००५ मध्ये, मारी सिमोन-पिएर या फ्रेंच धर्मभगिनी त्याच आजारातून बऱ्या झाल्या. तो चमत्कार मानून २०११ मध्ये पोप महोदयांना धन्यवादित घोषित केले गेले. या सिस्टर प्रसूतिगृहात काम करीत.

चमत्काराची वाट पाहावी, पण चमत्कार विकणाऱ्यापासून सावध राहावे. 'स्टेम सेल'च्या नावाने इंजेक्शने देणारे आपल्याकडे कमी नाहीत, आणि त्यासाठी दागिने मोडणारी माणसेही आहेत. रक्ताचे काही आजार सोडले तर संशोधनाच्या प्रयोगाबाहेर असा उपचार करू नये, असे आयसीएमआरने २०१७ सालच्या नियमावलीत बजावले आहे. खऱ्या प्रयोगात रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात, एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे.

गेल्या रविवारी हे सगळे मी काकांना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे जपानवाली चालेल?"

"चालेल काका. डॉक्टरांनी हो म्हटलं तर."

"आणि आधी दुसरीच आली तर?"

मी म्हटले, घेऊ नये असे मला वाटते, पण घेतलीत म्हणून तुम्हाला दोष द्यायला मी येणार नाही. तेव्हा फादरांशी बोला. ते हसले. "आणि तोवर?"

तोवर काय, याचे उत्तर काकूंकडे निघाले. काकांच्या गोळ्यांच्या वेळा चुकवून चालत नाही आणि त्यांना एकटे सोडवत नाही. त्यामुळे काकू बुधवारच्या नोव्हेनाला वर्षभरात आलेल्या नाहीत. सहा ते साडेसात, एवढा वेळ घरी बसणारे कोणीतरी हवे आहे. मी एक बुधवार घेतला आहे. बाकीच्यांसाठी ज्यांना जमेल त्यांनी मिस्सेनंतर मला भेटावे.