अंतर कशाने मोजावे?

मुंबईच्या विमानतळापासून दाबोळीचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 425 किलोमीटर आहे; 2023 साली वाहतूक सुरू झालेला मोपाचा विमानतळ त्याहून चाळीसएक किलोमीटर अलीकडे. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटरांच्या घरात असतो. तेव्हा हा प्रवास अर्ध्या तासाचा, असे कोणी त्रैराशिक मांडील. वेळापत्रकात मात्र सव्वा तासाच्या आसपास वेळ दिलेला असतो. कारण तो विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा असतो. धावपट्टीवर पाळी येण्याची वाट पाहणे, चढणे, उतरताना वेग आवरणे, हे सारे त्यात येते. घराच्या उंबरठ्यापासून देवळाच्या पायरीपर्यंतचा हिशेब केला तर अर्धा दिवस सहज जातो.

अर्धाच दिवस! मग 'गोवा दूर पडतो' ही सबब उरली काय? आणि अंतर आटले म्हणजे कर्तव्य वाढते काय?

दूर आणि जवळ या शब्दांचा अर्थ गोमंतकीय भाविकांस नव्याने सांगावयास नको. ज्या मुरगाव तालुक्यात आज विमान उतरते, त्याच तालुक्यातील कुशस्थळीहून, म्हणजे कुठ्ठाळीहून, 1560 मध्ये श्रीमंगेशाचे लिंग झुवारीपलीकडे प्रियोळास नेण्यात आले. ही दोन्ही स्थळे पाखराच्या वाटेने दहा किलोमीटरांच्या आत आहेत. परंतु अलीकडे पोर्तुगीज अंमल, पलीकडे आदिलशाही. त्या एका नदीपात्राने देवाचे रक्षण केले. पुढे 1955 मध्ये दाबोळीचा विमानतळ सुरू झाला आणि त्याच वर्षी भारत व गोवा यांमधील रेल्वेवाहतूक थांबली. दाबोळीहून तिप्पट दूरच्या कराचीस विमान जाई, मुंबईस जात नसे. 1961 पर्यंत मुंबईतील कित्येक गोमंतकीयांस आपले गाव कराचीहूनही दूर होते.

त्या काळी दार राज्यकर्त्यांनी लावले होते. न येणाऱ्यास दोष कोण देणार? आज दार उघडे आहे, म्हणून न येणाऱ्याला उत्तर द्यावे लागते, असे आमचे मत आहे. अर्थात सर्वांना सारखे नव्हे. चतुर्थीच्या सुमारास विमानाचे भाडे असे चढते की सामान्य नोकरदाराने कोकण रेल्वेचाच आसरा घ्यावा. हा भार ज्यांना भाडे जड नाही त्यांच्यावर अधिक आहे. आणि त्यांतलेच काही किनाऱ्यावरील हॉटेलात दोन दिवस काढून, गावाकडे न फिरकता, परत जातात!

देवाला आमच्या येण्याची गरज नाही, असे म्हणणाऱ्यांशी आमचा वाद नाही. परंतु मूळ घरी एकटीने समई लावणाऱ्या वृद्ध काकीला ती आहे. पूर्वी बोटीने रात्र काढून येणारा माणूस आठ-पंधरा दिवस राही. आता सकाळी उतरलेला पुतण्या अभिषेक उरकून संध्याकाळच्या विमानाने परततो. काकीचे बोलणे अर्ध्यावर राहते. वाचलेला वेळ तिच्या वाट्यास न येता भलतीकडेच गेला. ज्यांना शक्य आहे त्यांनी परतीची तारीख निदान दोन दिवस पुढची घ्यावी आणि ती काकीला आधी कळवावी. म्हणजे ती माळ्यावरची अंथरुणे काढून उन्हात घालील.