त्याच जागेवरून, पुन्हा एकदा

पुण्यात सकाळी कामाला निघालेल्या माणसाला वाटेत कुठे ना कुठे पाणी ओलांडावं लागतं. कुणाला लकडी पूल लागतो, कुणाला म्हात्रे पूल, कुणाला डेंगळे पूल. दांडेकर पुलाखालून आंबिल ओढा जातो, दारूवाला पुलाखालून नागझरी. पर्वतीच्या पायथ्याशी कालवा आहे, पाषाण-बाणेरकडे राम नदी. पण संध्याकाळी घरी आल्यावर कुणी विचारलं, ‘आज पाणी कसं होतं?’, तर बहुतेकांना सांगता येणार नाही. यात कुणाचा दोष नाही. सकाळची घाई असते, सिग्नल सुटायचा असतो. शिवाय जे रोज समोर असतं, त्याच्यावरून नजर नुसती घसरत जाते.

फोटोग्राफी शिकणाऱ्या काही मुलामुलींना यंदा प्रकल्पासाठी विषय मिळाला: आपल्या शहरातलं पाणी. त्यांच्या सरांनी दोनच अटी घातल्या. पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतून बाहेर काढायचा नाही, नुसतं उभं राहून बघायचं. आणि प्रत्येकाने एक जागा धरायची. उन्हाळ्यात, पावसाळ्यात, थंडीत तिथूनच, त्याच उंचीवरून फोटो घ्यायचा. कठड्याच्या कोणत्या दगडापाशी उभं राहिलो, तेही वहीत लिहून ठेवायचं. मुलं सुरुवातीला कंटाळली. एकाच जागेचा फोटो किती वेळा काढायचा? पहिल्या फेरीत सगळ्यांनी कचराच टिपून आणला. प्लास्टिकच्या पिशव्या, थर्माकोल, निर्माल्य, जलपर्णी. सर रागावले नाहीत. म्हणाले, “हे खरंच आहे, हे ठेवा. पण एवढंच पाहिलं की माणूस नाकाला रुमाल लावून पुढे जातो. तो थांबेल असं तिथे काय आहे, ते आता शोधा.” मला ही सूचना फार मोलाची वाटते. एखाद्या गोष्टीत काय बिघडलंय हे पहिल्या नजरेत कळतं. तिथे अजून काय जिवंत आहे हे कळायला मात्र दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जावं लागतं.

त्यातल्या एका मुलीने आंबिल ओढ्याकाठची जागा धरली होती. पावसाळा सरल्यावर ती तिथे वाकून फोटो घेत होती, तेव्हा काठावर राहणाऱ्या एक आजी म्हणाल्या, “पोरी, खाली काय बघती? वर बघ की. ती चिंधी लटकलीय ना, औंदा तितवर पाणी आलंतं.” मुलीने मान वर केली. उंबराच्या फांदीला, तिच्या डोक्याच्याही वर, लुगड्याचा एक फाटका तुकडा अडकलेला होता. चिखल वाळून तो पुठ्ठ्यासारखा कडक झाला होता. शेजारच्या भिंतीवर तेवढ्याच उंचीवर गाळाची आडवी रेघ होती. ती मुलगी याच जागी आधीही येऊन गेली होती. फांदी तिथेच होती, रेघही होती. दिसली मात्र आत्ता. मग आजींनी सांगितलं की पाणी तांबूस, गढूळ यायला लागलं की त्या ओळखतात, वर कात्रजच्या डोंगरात पाऊस लागलाय. 25 सप्टेंबर 2019 ची रात्र त्यांना विसरता येत नाही. त्या रात्री याच ओढ्याला पूर आला, टांगेवाले कॉलनीत भिंत पडली, माणसं गेली. आजी आजही पावसाचं लक्षण दिसलं की आधी ओढ्याकडे एक नजर टाकतात आणि मगच चुलीपाशी बसतात. आई मुलाच्या अंगावरून रोज हात फिरवते म्हणून कणकण तिला थर्मामीटरच्या आधी कळते, तसंच हे आहे. आजींकडे ना नकाशा, ना मोजपट्टी. पण त्या ओढ्याची त्यांच्याइतकी माहिती क्वचितच कुणाला असेल. ती त्यांनी वर्षानुवर्षं एकाच जागेवरून बघून मिळवली आहे.

त्यानंतर मुलांना एका जागेवर राहवेना. पाणी येतं कुठून, हे बघायला ती ओढ्याच्या काठाकाठाने वर चालत गेली. धनकवडीच्या बाजूने कात्रजच्या तलावापर्यंत पोहोचली. हा तलाव नानासाहेब पेशव्यांच्या काळातला, साधारण 1750 च्या सुमाराचा. तिथून जमिनीखालच्या नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं होतं आणि वाटेतल्या हौदांमधून ते लोकांना मिळत होतं. आंबिल ओढा तेव्हा गावातून वाहायचा. नानासाहेबांनीच त्याची वाट वळवली आणि पर्वतीखाली तळं केलं. आज सारसबागेतल्या ज्या गणपतीला आपण ‘तळ्यातला गणपती’ म्हणतो, तो त्या तळ्यातल्या बेटावरचा. संध्याकाळी तिथे भेळ खाणाऱ्या मुलांना हे कुणीतरी सांगायला हवं. या मुलांनी फोटोखाली ते लिहिलं, याचा मला आनंद आहे. दुसरा एक मुलगा उलट दिशेला, खाली गेला. भिडे पुलाखालचं मुठेचं पाणी पुढे कुठे जातं, एवढाच त्याचा प्रश्न होता. संगमावर मुठा मुळेला मिळते. तीच मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. भीमा उजनीच्या धरणात येते आणि तिथून पंढरपूरला जाते. तिथे तिचं नाव चंद्रभागा. ज्या मुठेकडे बघायला आपल्याला वेळ नसतो, तिचंच पाणी वारकऱ्याच्या ओंजळीत पोहोचतं. त्या मुलाने थंडीतल्या फोटोखाली एवढंच लिहिलं, ‘हे पाणी पंढरपूरला जातं.’ फोटो तसा साधा आहे. उथळ पाण्यात लाल लांब पायांचे शेकाटे चरताहेत, कडेच्या दगडावर एक धोबी पक्षी शेपूट हलवतोय. पण मुलांच्या फोटोंच्या प्रदर्शनाला आलेले लोक ती ओळ वाचून त्या फोटोपाशी थांबत होते. एक गृहस्थ म्हणाले, “तीस वर्षं त्या पुलावरून जातोय. उद्या बघतो.”

‘उद्या बघतो’ हे शब्द मला आवडले. नदी स्वच्छ व्हायला मैलापाण्याची व्यवस्था लागते, पैसा लागतो, वर्षं लागतात. ती कामं व्हायलाच हवीत, आणि त्यासाठी बोलणारी माणसंही हवीत. पण बोलणारा माणूस आधी बघणारा असावा लागतो. ज्याने उन्हाळ्यातली आणि श्रावणातली नदी पाहिली आहे, त्याच्या बोलण्याला वजन येतं. त्याला रोजचा फरक कळतो. आज फेस जास्त आहे, या वर्षी बगळे कमी आहेत, काठावर भराव पडलाय. आणि ज्या पाण्याची खबरबात आपण ठेवतो, त्यात निर्माल्याची पिशवी टाकायला हात आपोआप आखडतो. तुम्ही पुण्यात नसाल, तरी तुमच्या गावात असं पाणी असणारच. मुंबईत मिठी आहे, नागपुरात नाग नदी, नाशकात नासर्डी, कोल्हापुरात जयंती, संभाजीनगरात खाम. आज कामावर जाताना एक जागा धरा. बस पकडायच्या आधी, गाडी कडेला घेऊन किंवा चालता चालता, कठड्यापाशी मिनिटभर थांबा. फोटो काढलाच पाहिजे असं नाही. पाण्याचा रंग बघा, ते कुठल्या बाजूला वाहतंय ते बघा, आणि जवळच्या टपरीवाल्याला विचारा, “काका, हे पाणी येतं कुठून?” आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तिथेच थांबा.